दोन व्याही आणि सात आसरा

सुनेच्या डोहाळजेवणाला आम्ही नवरा-बायको तिच्या माहेरी गेलो होतो. सोनईपासून थोडं आत, कालव्याच्या अंगाला त्यांचं गाव आहे. माझं नगरला चष्म्याचं दुकान. आता ते मुलगा बघतो, त्यामुळे तो काही आला नव्हता. सुनेचे वडील, म्हणजे माझे व्याही, ऊस आणि कांदा करणारे शेतकरी. अंगानं भरलेले आणि बोलायला इतके मऊ की त्यांनी हाक मारली तर समोरच्याला वाटावं, आपल्याच मनात काहीतरी आलं.

पोरांचं लग्न होऊन बरेच दिवस झाले होते, तरी आम्हा दोघांमधलं अवघडलेपण गेलं नव्हतं. मी मुलाचा बाप, म्हणून ते माझ्यासमोर बसायचे नाहीत. ते उभे असताना बसायची मला लाज वाटायची, म्हणून मीही बसायचो नाही. त्यामुळे आम्ही भेटलो की दोघंही उभेच असायचो. घरातल्यांना याची सवय झाली होती. चहासुद्धा आम्हाला उभ्यानंच मिळायचा.

त्या दिवशी जेवण लवकर उरकलं. पुरणपोळीवर तूप इतकं होतं की मला कधी एकदा आडवा होतोय असं झालं होतं. पण माजघरात ओटीभरणाची गडबड सुरू झाली, फुलांचे दागिने आले, गावभरच्या बायका जमल्या आणि विहीणबाईंनी आम्हाला नम्रपणे अंगणात काढलं. अंगणात आम्ही उभे राहिलो. मग व्याही म्हणाले, "बारव बघायची का, पाव्हणं? लई जुनी हाय. सात आसरांची. जवळच हाय."

मी होय म्हणालो, कारण नाही कसं म्हणायचं ते सुचेना. त्यांनाही झोपच हवी होती, हे मला पुढे कळलं. पण नगरचा माणूस जेवल्यावर चालतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

रस्ता उसातून होता. तोड सुरू होती, पाचटाचा वास होता, कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या मधूनमधून दिसत होत्या. वाट त्यांना ठाऊक, म्हणजे त्यांनी पुढे चालावं हे उघड होतं. पण पाहुण्याच्या पुढे चालणं त्यांच्यानं होईना. पहिल्या बांधावरच ते थांबले आणि हात पुढे करून म्हणाले, व्हा पुढं. मी म्हणालो, तुम्ही व्हा. असं थोडा वेळ चाललं आणि शेवटी मी पुढे झालो. मला वाट माहीत नव्हती. ते मागून हळू आवाजात डावीकडं, उजवीकडं सांगत होते. मी चुकलो तर मात्र काही बोलत नव्हते, कारण पाहुण्याला चुकलात कसं म्हणायचं. आम्ही एका कांद्याच्या वावरात शिरलो, ते पूर्ण ओलांडलं, पलीकडे काटेरी तारेशी पोहोचलो आणि तिथे दोघं उभे राहिलो. तेव्हा ते म्हणाले की वाट मागंच राहिली. मी विचारलं, कधी? ते म्हणाले, मघाशी.

बारव एकदम समोर आली. शेतात एक मोठा चौकोनी खड्डा, आत उतरत गेलेले काळ्या दगडाचे टप्पे, तळाला हिरवं पण स्वच्छ पाणी. दोन बाजूंना दोन जिने होते. आमच्या बाजूचा उघडा, उतरता. समोरचा जिना एका कमानीखालून वर जाणारा. कमानीच्याच बाजूला, पाण्याजवळच्या मोठ्या कोनाड्यात सात दगड शेंदूर लावून ओळीनं बसवलेले. त्याच आसरा, पाण्यातल्या देवता. बारवेच्या काठावर बाभळीखाली एक म्हातारी बसली होती. तिच्या पुढ्यात हळदकुंकवाची परडी, बाजूला चूल आणि चुलीवर किटली. आसरांची दिवाबत्ती पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घरात आहे, असं व्याह्यांनी सांगितलं. तिनं आमच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातानं खाली जा अशी खूण केली.

जिन्याच्या तोंडाशी आमचं पुन्हा तुम्ही आधी, तुम्ही आधी झालं. पण जिना रुंद होता, म्हणून आम्ही बरोबरीनं उतरलो.

खाली तिघंजण बसलेले होते. नवीन लग्न झालेलं एक जोडपं, अंगावर अजून हळद, नवरीच्या पदराची आणि नवऱ्याच्या उपरण्याची गाठ मारलेली. त्यांच्यापासून चार पायऱ्या सोडून पांढरी टोपी घातलेला, दाढी राखलेला एक माणूस. तो त्यांच्या टेम्पोचा ड्रायव्हर होता, सोनईचा. त्यानं आम्हाला सलाम केला आणि सरकून जागा करून दिली. कुणी नव्यानं गाडीत चढलं की आधी बसलेले सरकतात, तसं. मला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं.

आम्ही आसरांना हात जोडले, पाणी डोळ्यांना लावलं आणि वर निघालो. पहिल्याच पायरीवर वरून म्हातारीचा आवाज आला.

"तिकडून न्हाई. उतरायचा जिना येगळा, चढायचा येगळा."

मी म्हणालो, बरं, आणि समोरच्या कमानीकडे वळलो. ड्रायव्हरनं माझी बाही धरली आणि नुसतं वर बोट दाखवलं. कमानीच्या आतल्या बाजूला, डोक्याच्या उंचीवर, आग्या माशांचं मोहोळ लटकत होतं. केवढं, तर गव्हाच्या पोत्याएवढं. ते सावकाश हलत होतं.

मग ड्रायव्हरनं सगळं सांगितलं. सकाळी हे जोडपं देवदर्शनाला आलं, धूप लावला, धूर कमानीत गेला आणि माशा चवताळल्या. आता निवल्या होत्या, पण त्यांच्याखालून जायची कुणाची छाती नव्हती. उतरलेल्या जिन्यानं वर जायचं, तर आसरांकडे पाठ फिरवली असं होतं, आणि मग साती जणी माणसाच्या मागोमाग त्याच्या घरी येतात. हा ड्रायव्हर जोडप्याला उशीर का होतोय ते बघायला खाली आला, तो इथेच राहिला.

मी वर बघून म्हातारीला विचारलं की हे ठाऊक असताना तुम्ही आम्हाला उतरू का दिलंत. तिला प्रश्न कळेना. तिचं म्हणणं, उतरायला मनाई नाहीच. दर्शनाला आलेल्याला अडवणारी ती कोण?

खरं सांगायचं तर तिथून सरळ वर चालत जायला आम्हाला कुणीच रोखत नव्हतं. ती म्हातारी पाच पायऱ्याही उतरू शकली नसती. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या गावची देवता, म्हणून त्यांना नियम मोडवेना, आणि त्यांच्या देखत मला मोडवेना. मी ड्रायव्हरला विचारलं की तुमचं काय. तो म्हणाला, "नियम हाय म्हनल्यावर हाय. दर्ग्यात तुमी चपला काढताच की. आन् माझं घर दोन खोल्यांचं हाय, साती जनींना ठिवू कुठं?"

आम्ही बसलो. पोरांच्या लग्नानंतर प्रथमच माझे व्याही माझ्यासमोर बसले होते, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

म्हातारी निर्दय नव्हती. तिनं किटलीला दोरी बांधून चहा खाली सोडला, परडीतून कप सोडले. चहा पिऊन झाल्यावर रिकामे कप दोरीला बांधताना व्याह्यांना शंका आली आणि त्यांनी वर विचारलं की कप इकडून वर आलेले चालतील का. म्हातारीनं विचार केला. ज्याला पाय नाहीत त्याला काही नाही, असा तिनं निवाडा दिला. म्हणजे दोरीनं ओढून काढलेला माणूस चालेल का, असं मी विचारलं. तो चालेल, कारण तो स्वतः चढला नाही. पण तिची दोरी किटलीची होती.

नवरा-नवरी आपापसात हळू बोलत होती. लग्न ठरल्यापासून त्यांना बोलायला सवडच मिळाली नव्हती, फोनसुद्धा घरच्यांच्या देखत. नवरा विचारत होता की तिला कोणती भाजी आवडत नाही. ती दोडका म्हणाली. त्यालाही दोडका आवडत नव्हता. ते ऐकून दोघं इतकी खूश झाली की आम्ही तिघांनी पाण्याकडे तोंडं केली.

ऊन कलायला लागलं तसं मला घरच्यांची काळजी वाटू लागली. बारवेत मोबाईलला रेंज नव्हती. ड्रायव्हरनं सकाळपासून शोध करून ठेवला होता. आसरांच्या कोनाड्याच्या बाजूला एक पाय वरच्या टप्प्यावर ठेवून, मान तिरकी केली की एक काडी यायची. मी तसा उभा राहिलो आणि बायकोला फोन लावला. मागे बायकांची गाणी चालू होती. तिनं विचारलं, कुठे आहात, केव्हाची वाट बघतेय.

मी म्हणालो, "विहिरीत."

मग तिनं विचारलं, "आणि व्याही?"

"तेही विहिरीतच आहेत," मी म्हणालो, आणि रेंज गेली.

पुन्हा लावला तर लागेना. मी खाली उतरून व्याह्यांना म्हणालो की घरी कळवलं आहे. त्यांनी काय कळवलं ते विचारलं. मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. मग मलाही समजलं.

त्यानंतर घरी काय झालं ते सुनेकडून ऐकलं. गाणी थांबली. माझ्या बायकोनं फोन हातात धरून जमलेल्या बायकांना सांगितलं की दोघं विहिरीत आहेत. कुणीतरी म्हणालं, दोघांचं काही वाजलं होतं का. दुसरी म्हणाली, सकाळपासून दोघं बसले नव्हते, मी बघत होते. फुलांचा मुकुट घातलेली माझी सून झोपाळ्यावरून उठायला लागली, तिला चौघींनी दाबून बसवलं. तिनं तिथूनच सांगितलं की आपल्या वडिलांना पट्टीचं पोहता येतं, आणि ते सासऱ्यांना आधी बाहेर काढल्याशिवाय स्वतः निघणार नाहीत, म्हणून आधी दोरखंड न्या. आम्हाला बारवेच्या वाटेला जाताना कुणीतरी पाहिलं होतं.

माणसं आली तेव्हा आधी धुरळा दिसला. पुढे व्याह्यांचा चुलतभाऊ, खांद्यावर बाज घेऊन. विहिरीत पडलेल्याला काढायला बाजेला चारी बाजूंनी दोर बांधून ती खाली सोडतात. त्याच्यामागे दोरखंड घेतलेली गडीमाणसं, आणि त्यांच्याही मागे जरीच्या साड्या सावरत पळत येणाऱ्या बायका, हातात अजून ओटीचे नारळ. आम्हाला वाचवायला चुलतभाऊ न थांबता जिना उतरला. गडीमाणसंही उतरली. म्हातारी वरून काहीतरी सांगत होती, पण ऐकायला कोण थांबतंय. खाली आल्यावर त्यांना दिसलं की आम्ही कोरडे आहोत आणि पायरीवर बसून आहोत.

व्याह्यांनी त्यांना नियम समजावून सांगितला. चुलतभाऊ ऐकत गेला, मग त्यानं कमानीकडे पाहिलं, उतरून आलेल्या जिन्याकडे पाहिलं आणि खांद्यावरची बाज हळूच खाली ठेवून तिच्यावर बसला. ड्रायव्हर सगळ्यांना सरकायला सांगत होता.

माझी बायको काठावरून वाकली. ती दमली होती, पदर सुटला होता.

"बुडालात नाही ना?"

"नाही."

"मग वर का येत नाही?"

मी सांगायला लागलो, पण तिनं मला हातानं थांबवलं आणि म्हातारीला विचारलं. म्हातारीनं तेच सांगितलं. माझ्या बायकोला माझं बोलणं एका ऐकण्यात कधी पटलेलं नाही. म्हातारीचं लगेच पटलं. ती विहीणबाईंशेजारी बाभळीखाली बसली आणि म्हणाली की आता काय करायचं ते तुम्हीच खाली ठरवा.

बाज होती, दोरखंड होते, म्हणून बाजेवर बसवून एकेकाला ओढून काढायचं ठरलं. दोर वर फेकले, बायकांनी ते बाभळीला फिरवून धरले. पहिला मान पाहुण्याचा म्हणून मला बसायला सांगितलं. मी म्हणालो, व्याह्यांना आधी. ते म्हणाले, असं कसं. आमचं हे संपेना, म्हणून शेवटी ड्रायव्हरला बसवलं, कारण त्याला संध्याकाळचं दुसरं भाडं होतं. बायकांनी ओढायला सुरुवात केली. बाज चांगली वर गेली. मग तिनं गिरकी घेतली, झुलली, आणि झुलत झुलत बरोबर कमानीसमोर जाऊन थांबली. ड्रायव्हरचं तोंड आणि मोहोळ एका पातळीत आलं. मध्ये हातभर अंतर असेल. तो काही ओरडला नाही. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं तो हळूच म्हणाला, "खाली घ्या."

खाली आल्यावर त्यानं पाण्यानं तोंड धुतलं.

कुणी म्हणालं धूर करू, कुणी म्हणालं नेवाशाहून मोहोळ काढणारा आणू, पण तो उद्याशिवाय येणार नव्हता. विहीणबाई वरून विचारत होत्या की रात्रीच्या भाकरी खाली सोडायच्या तर किती जणांच्या थापू. माझ्या मनात आलं की आपण उद्याही इथेच असू, परवाही असू, मग हळूहळू इथलेच होऊन जाऊ. आणि विचित्र म्हणजे मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. सावली होती, पाणी होतं, माणसं बरी होती. व्याही माझ्या खांद्याला खांदा लावून बसले होते आणि डुलक्या घेत होते. मीही त्यांच्या अंगावर थोडा रेललो.

अशा वेळी नवरी उठली. गाठ मारलेली असल्यामुळे नवऱ्यालाही उठावं लागलं. तिनं वर बघून म्हातारीला विचारलं, "आजी, उतरताना मान्साचं तोंड कुटं असतंय?"

"पान्याकडं," म्हातारी म्हणाली.

"आन् आसरांना राग कशाचा येतो? चढन्याचा, का पाठ फिरवल्याचा?"

म्हातारीनं हातातली काडी चुलीत सारली. "पाठ फिरवल्याचा," ती म्हणाली.

"मंग मी तोंड पान्याकडंच ठिवते," असं म्हणून नवरीनं एक पाय मागच्या पायरीवर ठेवला, मग दुसरा. नवरा तिच्याबरोबर ओढला गेला. आसरांकडे बघत, हात जोडलेले, दोघं उलटी एकेक पायरी चढू लागली. अर्ध्या जिन्यावर ती थांबली आणि मान न वळवता तिनं विचारलं की हे चालतंय का.

म्हातारीनं सरकून खाली आसरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तोंड फिरवलं न्हाई म्हनल्यावर तू गेलीसच कुटं? ये."

ती दोघं वर पोहोचली तेव्हा बायकांनी नवरीच्या हातात ओटीचा एक नारळ दिला, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग ड्रायव्हर गेला, आणि तो इतका सफाईनं गेला की आम्ही थक्क झालो. वर जाऊन तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि एकेकाला मागे घेऊ लागला. "येऊ द्या, येऊ द्या. डाव्या हाताला. जरा पुढं घ्या. हां, आता येऊ द्या." चुलतभाऊ बाज डोक्यावर घेऊन उलटा चढला. गडीमाणसं चढली. कुणाला ठोकर लागली नाही.

शेवटी आम्ही दोघं राहिलो. व्याही म्हणाले, व्हा पुढं. मग त्यांनाच प्रश्न पडला की उलटं चढताना जो आधी जातो तो पुढचा की मागचा, आणि मान नक्की कुणाचा होतो. मलाही सांगता येईना. आम्ही विचार करत उभे होतो. वरून माझी बायको म्हणाली की अंधार पडेल. मग व्याह्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात जाड आणि गार होता. आम्ही दोघं हात धरून आसरांकडे बघत एकेक पायरी मागे मागे गेलो आणि ड्रायव्हर म्हणत राहिला, येऊ द्या, दोनी बी येऊ द्या, बास.

घरी गेल्यावर आम्ही बाहेरच्या ओट्यावर मांडीला मांडी लावून बसलो आणि बसूनच चहा घेतला. विहीणबाईंनी कप ठेवले आणि दोघांकडे वळून वळून बघत आत गेल्या. सुनेची राहिलेली ओटी दिवे लागल्यावर भरली.

पुढच्या वर्षी नातवाला घेऊन तिथे गेलो. मोहोळ केव्हाच उठून गेलं होतं, कमानीचा जिना झाडून स्वच्छ होता, पण तिकडे कुणी फिरकत नव्हतं. पुण्याहून आलेलं एक कुटुंब उतरत्या जिन्यानंच उलटं चढत होतं, आणि गावातला एक गृहस्थ त्यांना सांगत होता की ही चाल यादवांच्या काळापासूनची आहे, शास्त्रही आहे त्याच्यामागं, पाठीच्या मणक्याला चांगलं असतं. मी म्हातारीकडे पाहिलं. ती त्याचं बोलणं मन लावून ऐकत होती आणि मान हलवत होती. मग तिनं मला कुंकू लावलं. मी खाली जाऊन हात जोडले, कमानीकडे एकदा बघितलं आणि उलटाच वर चढलो.